कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल: काय बदलायचं आणि कोणत्या क्रमाने?

निळी_आठशे

गाडी: मारुती ८००, १९९६ची. कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका), मूळचंच एफ८बी इंजिन (७९६ सीसी, ३ सिलिंडर).

लक्षणं:
१. सकाळी चोक मिनिटभरात आत ढकलता यायचा, आता ४-५ मिनिटं लागतात.
२. तिसऱ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाला पाय स्थिर ठेवला की गाडी हलके हिसके देते. पाय दाबला की ठीक.
३. दुपारी १०-१५ मिनिटं उभी करून परत सेल्फ मारला की लवकर पकडत नाही.
४. बंद पार्किंगमध्ये सकाळी पेट्रोलचा वास. खाली थेंब कुठेही नाही.

प्लग नवे आहेत (गॅप ०.७५ मिमी), एअर फिल्टर नवा, टायमिंग तपासलेलं. जुन्या प्लगची टोकं पांढरी होती. गॅरेजमधला सल्ला असा: मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) रीमरने कोरून मोठा करा, मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक लावा. करावं का?

---

फ्लोट_चेंबर

दोन्ही करू नका. निदान आत्ता नको.

तुमच्या चार लक्षणांत दोन वेगळे आजार आहेत. १ आणि २ म्हणजे मिक्शर पातळ झालंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ३ आणि ४ म्हणजे रबर आणि उष्णता. जेट मोठा केल्याने ३ आणि ४ला काडीचा फरक पडणार नाही. उलट पाइपातून कुठे हवा ओढली जात असेल तर ती झाकली जाईल आणि नंतर शोधताना नाकी नऊ येतील.

पातळ का होतं ते आधी. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण १३.५वर येतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरला नाक नाही. भोक तेवढंच, त्यातून जाणारं इंधनही तेवढंच, म्हणून मिक्शर ८ टक्क्यांच्या आसपास पातळ पडतं. २०२२ पर्यंत १० टक्के मिश्रण सगळीकडे आलं होतं, तेव्हा फरक ४ टक्क्यांचा होता आणि बहुतेक गाड्यांनी तो पचवला. कंपनीतून गाड्या थोड्या जाडच सेट केलेल्या असायच्या.

क्रम असा ठेवा: रबरी पाइप, फिल्टर, पंप, कार्बोरेटर सफाई आणि फ्लोटची लेव्हल (कार्बोरेटरच्या चेंबरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवणारा तरंगता भाग म्हणजे फ्लोट), व्हॅक्यूमची गळती (नको तिथून हवा ओढली जाणं), आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या संथ चालीचा स्क्रू. एवढं झाल्यावरही हिसके राहिले तर जेट.

---

रबर_आणि_क्लिप

लक्षण ४ वर लिहितो. थेंब नाही पण वास आहे, म्हणजे पाइप फुटलेला नाही, पाइपाच्या भिंतीतून वाफ झिरपतेय. जुना पाइप नायट्राइल रबराचा असतो. इथेनॉलने तो फुगतो, मऊ पडतो आणि पेट्रोलची वाफ बाहेर सोडतो. तपासायची सोपी रीत: रात्रभर उभ्या गाडीच्या प्रत्येक पाइपावर वेगवेगळं स्वच्छ फडकं घट्ट फिरवा आणि हुंगा. कोणता पाइप दोषी ते लगेच कळतं. (मेन्टेनन्समधलं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे नाक.)

दुकानात गेल्यावर नुसतं 'पेट्रोल पाइप द्या' म्हणू नका. पाइपावरची छपाई वाचा. 'एसएई जे३० आर६' किंवा 'आर७' म्हणजे जुन्या धाटणीचा. 'आर९' हवा. त्याच्या आतला थर फ्लोरोरबराचा असतो, बाजारात सगळे त्याला विटॉन म्हणतात. छपाईच नसलेला काळा पाइप कितीही जाड दिसला तरी नको. माप अंदाजाने सांगू नका. जुन्या पाइपाचा तुकडा कापून न्या आणि आतला व्यास मोजून घ्या. पुरवठ्याचा आणि परतीचा पाइप वेगळ्या मापाचा असू शकतो.

मोजायचे तुकडे: टाकीच्या तोंडाशी असलेले, खालच्या लोखंडी नळीपासून फिल्टरपर्यंत, फिल्टर ते पंप, पंप ते कार्बोरेटर, आणि परतीचा. ८००च्या पंपाला तीन नळ्या असतात (येणारी, जाणारी, परतीची). लोक परतीची विसरतात. टाकीत पेट्रोल भरायचा जाड पाइप आणि शेजारचा हवेचा बारीक पाइपही बघा. तिथे तडा असेल तर पावसाचं पाणी थेट टाकीत.

क्लिप: पट्टीला आरपार खाचा असलेली स्क्रू क्लिप लहान पाइपाला लावू नका, आवळताना खाचांच्या कडा रबर कापतात. गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली क्लिप घ्या. सांध्यावर सिलिकॉन सीलंट फासायचा मोह आवरा. तो पेट्रोलमध्ये फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि थेट जेटमध्ये जाऊन बसतात.

---

पद्मिनीवाला

+१. पद्मिनीलाही हेच लागू. एक भर घालतो, ती धोक्याची आहे म्हणून.

मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फुगून फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दोन्ही गाड्यांत पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे वाट सरळ आहे. डिपस्टिक काढा: ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, ऑइल पाण्यासारखं ओघळत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नका. बेअरिंगांना वंगण मिळत नाही आणि क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ साठते. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच सेल्फ मारा.

पंपाची चाचणी: कॉइलची मधली जाड वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून पारदर्शक बाटलीत सोडा. कोणाला तरी १०-१५ सेकंद सेल्फ मारायला सांगा. ठसठशीत, एका लयीत उसळ्या दिसल्या पाहिजेत. नुसती धार ओघळत असेल किंवा बुडबुडे येत असतील, तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा ओढली जातेय. बाटली एक्झॉस्टपासून लांब आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी. हे गमतीत घेऊ नका.

---

सोलेनॉइड

थोडा विरोधी सूर लावतो. हल्ली गाडी शिंकली तरी ई-२० ला दोष. या वयाच्या ८००मध्ये पातळ मिक्शरचं कारण बरेचदा व्हॅक्यूमची गळती असतं. कार्बोरेटरच्या खालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटेचं) गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाइप, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी. यातलं एकही तडकलं असेल तर जेट बदलून उपयोग शून्य.

चाचणी: इंजिन आयडलवर ठेवा. एकेक नळी पक्कडीने हळूच दाबा, आवाज बदलला तर तीच. गॅस्केटच्या सांध्यांवर फुलझाडांच्या स्प्रेने पाण्याची बारीक फवारणी करा. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर आरपीएम बदलतात. कार्ब क्लीनरने फरक जास्त ठळक दिसतो, पण गरम एक्झॉस्टशेजारी तो फवारणं म्हणजे आ बैल. डिस्ट्रिब्युटरच्या वायरींवर पाणी उडवू नका.

कार्बोरेटरवरचा आयडलचा सोलेनॉइडही (विजेवर उघडणारी छोटी झडप) ऐका. चावी ऑन केली की 'टक्' आवाज यायला हवा. सोलेनॉइड मेला असेल तर चोक ओढल्याशिवाय गाडी आयडलला टिकत नाही. लोक चोकवर चालवत राहतात आणि ॲव्हरेजच्या नावाने रडतात. कनेक्टर काढून साफ करा, १२ व्होल्ट येतात का मोजा. येत असूनही टक् नसेल तर बदला. त्याची पिन छाटून तो कायमचा उघडा ठेवायचा 'जुगाड' काही मिस्त्री करतात. मग चावी बंद केल्यावर इंजिन घरघरत राहिलं तर नवल नको.

आणि निळी_आठशे, मिक्शर खरंच पातळ आहे का ते फुकटात कळतं. हिसके येतात त्याच वेगाला चोक अर्धा सेंटिमीटर ओढा. हिसके थांबले तर पातळ. वाढले तर इंधनाकडे बघू नका, इग्निशन बघा.

---

निळी_आठशे

@सोलेनॉइड: चोक थोडा ओढला की हिसके पूर्ण थांबतात. टक् आवाज येतो. फडक्याच्या चाचणीत फिल्टर ते पंप आणि परतीचा, दोन्ही पाइप नापास. दाबून पाहिले तर बोटाला चिकट लागतात.

---

फ्लोट_चेंबर

मग पाइप बदलण्यापासून सुरुवात करा. त्याच वेळी फिल्टरही बदला, आणि नवा फिल्टर ५०० किमीवर पुन्हा बदला. इथेनॉल जुन्या टाकीतलं, नळ्यांतलं वर्षानुवर्षांचं वार्निश (जुन्या पेट्रोलचा वाळलेला चिकट थर) सोडवतं आणि तो सगळा कचरा पहिल्या काही टाक्यांत पुढे येतो. पारदर्शक फिल्टर घ्या, कचऱ्याचा रंग बोलतो. तांबूस म्हणजे टाकीचा गंज, काळा भुगा म्हणजे पाइप आतून सुटतोय, पांढरट चिखल दिसला तर कार्बोरेटरही उघडून बघा.

कार्बोरेटर उघडण्याआधी फ्लोट चेंबरच्या काचेकडे बघा. ८००च्या कार्बोरेटरला छोटी गोल काच असते, तिच्यावर खूण आहे. सपाट जमिनीवर, इंजिन आयडलला असताना पेट्रोल खुणेवर हवं. ही काच लक्षण ३ चाही निकाल लावते. दुपारी गाडी पकडत नाही तेव्हा सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडा:

काच रिकामी असेल तर व्हेपर लॉक. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली, पंप द्रव ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा.

काच भरलेली आणि पेट्रोलचा उग्र वास असेल तर उलटं. इंजिनच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलंय, म्हणजे ओव्हरफ्लो. इथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंप केल्यासारखा वरखाली करू नका, प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो.

दोन्हींवर मूळ उपाय: परतीची नळी मोकळी असणे (कचरा अडकला की गरम पेट्रोल टाकीकडे परतत नाही, पंपातच तापत बसतं), पंपाखालचा आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड पॅकिंग तुकडा जागेवर असणे, आणि एक्झॉस्टला टेकलेली नळी लांब बांधणे. पॅकिंगचा तुकडा तुटला म्हणून साधं कागदी गॅस्केट घालून भागवलेल्या गाड्या चिक्कार आहेत.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल: कार्बोरेटरला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३ किलोच्या आसपास दाब पुरतो. बाजारातले बरेच पंप त्याहून जास्त ढकलतात, चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई सीटवरून उचलली जाते आणि चेंबर सांडतो. शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी ऑन असेतो तो पंप पेट्रोल फेकत राहतो. मूळ पंप धडधाकट असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

---

लेथ_आणि_लोणी

कार्बोरेटर उघडताना:

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे. पाणी धरलेलं इथेनॉल तिला खातं, तळाशी पांढरी भुकटी किंवा जेलीसारखा थर दिसतो. ॲसिडमध्ये बुडवू नका. कार्ब क्लीनर, मऊ ब्रश आणि कंप्रेसरची हवा पुरे. हवा मारण्याआधी डायफ्राम, फ्लोट आणि सोलेनॉइड काढून ठेवा. जेटमध्ये स्टीलची तार घालायची नाही, पितळ लगेच ओरखडतं.

आयडल मिक्शरचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. जोर लावून आवळला तर टोकाला वळी पडते, मग तो कधीच नीट सेट होत नाही.

फ्लोट प्लॅस्टिकचा असेल तर काही वर्षांत पेट्रोल पिऊन जड होतो. चेंबर सतत जास्त भरतो आणि माणूस सुई बदलत बसतो. सोनाराच्या काट्यावर नव्या आणि जुन्या फ्लोटचं वजन करून बघा. जुन्या सोलेक्स कार्बोरेटरचा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला तर भोक आहे.

कार्बोरेटर किट विकत घेताना पाकिटावर 'ई-२० रेडी' लिहिलंय म्हणून हुरळू नका. त्यातली एक जादा ओ-रिंग घ्या, व्हर्नियरने जाडी मोजा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोलमध्ये ७ दिवस ठेवा, पुन्हा मोजा. थोडं फुगणं चालतं. दहा टक्क्यांच्या वर गेली किंवा नखाने तुटली तर किट परत. नंतर ती रिंग दोन दिवस उघड्यावर वाळवून वाकवा. खराब रबर वाळलं की आक्रसतं आणि तडकतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे डायफ्राम असेच जातात.

---

पाणकोंबडा

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. कोकणात आणि मुंबईत अर्धी दुखणी तिथली.

इथेनॉल पाणी पितं. १० टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, २० लिटरला १०० मिली धरा. २० टक्क्यांत थोडं जास्त मावतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनला आधी तोच पाणचट थर मिळतो.

पण एवढं पाणी नुसत्या दमट हवेतून यायला बराच काळ लागतो. एकदम येतं ते झाकणाच्या कडक झालेल्या रबरी रिंगेतून किंवा गंजलेल्या गळ्यातून. जूनआधी झाकणाची रिंग बदला. गाडी ३ महिने उभी राहणार असेल तर टाकी ताज्या पेट्रोलने काठोकाठच्या जरा खाली भरा, म्हणजे आत हवा कमी. पंधरा दिवसांतून एकदा २०-२५ मिनिटं खरोखर चालवा. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवणं याला मी मोजत नाही, त्याने फक्त सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी कळतं. १०० मिलीच्या खुणांच्या नळकांड्यात ५० मिली पाणी, ५० मिली पेट्रोल. झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ५५ पर्यंत चढला तर १० टक्के, ६०च्या आसपास गेला तर २० टक्के. महागडं जादा ऑक्टेनचं पेट्रोल घेऊन निर्धास्त होणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करावी. ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हो, असं पेट्रोल 'धुऊन' गाडीत घालायचं नाही. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातं, उरतं ते ओलं पेट्रोल, आणि इंजिन नॉक करतं.

---

माटुंगा_मेकॅनिकल

टाकीत गंज दिसला तर काय करायचं? फिल्टर तांबूस येतोय.

---

पाणकोंबडा

ताई, टाकी उतरवा. पेट्रोल काढून, डिटर्जंटच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वास पूर्ण जाऊ द्या. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २० लिटर कोमट पाण्याला १ किलो. चोवीस तास ठेवा, मधे टाकी उलटीपालटी करा. गंज गेला की ओतून द्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. तासभर ओली राहिली तरी पिवळा गंज परत धरतो. वाळली की थोडं पेट्रोल-ऑइल आत फिरवून ठेवा. आतला मूळ मुलामा शाबूत असेल तर मात्र लिंबूसत्त्व वापरू नका, ते मुलामाही खातं. भोकं पडली असतील तर नवी टाकी. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला देणं म्हणजे बॉम्ब देणं, रिकामी असली तरी.

---

निळी_आठशे

अपडेट. सगळे पाइप आर९, फिल्टर, पंपाखालचं पॅकिंग, कार्बोरेटर सफाई, कार्बोरेटरखालचं गॅस्केट झालं. परतीच्या नळीत कचरा होता. वास गेला. दुपारचा त्रास गेला. फ्लोट लेव्हल खुणेवर. चोक आता दोन मिनिटं. ४०च्या वेगाचे हिसके खूप कमी झाले, पण बारीक अजून आहेत. आता जेट?

---

फ्लोट_चेंबर

आधी आयडल. पीयूसीवाल्याकडे जाऊन पैसे देऊन दहा मिनिटं मशीन मागा. इंजिन पूर्ण गरम, चोक आत. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) १ ते २ टक्क्यांत आणा. या काळातल्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आहे, म्हणजे पीयूसीही निघते. ४०च्या वेगाला बटरफ्लाय (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरमधली झडप) जेमतेम उघडलेलं असतं, तिथे आयडलच्या वाटेने येणारं पेट्रोल अजून मिसळतंय. बरेचदा बारीक हिसके इथेच संपतात.

पण पीयूसीचा आकडा मेन जेटबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी ६०-७०ला, हलक्या चढावर चोकची तीच चाचणी करा. तिथेही चोकने सुधारणा झाली तरच जेट.

---

लेथ_आणि_लोणी

जेटचा हिशेब: ८ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के जास्त, आणि व्यास फक्त ४ टक्के जास्त. जेटवरचा आकडा बहुधा शंभरांश मिलिमीटरमधला व्यास असतो. समजा ११० आहे, तर हिशेबाने ११४. बाजारात ११२.५ किंवा ११५ मिळेल, आधी ११२.५ लावा. रीमरने अंदाजे वाढवलेला जेट परत लहान करता येत नाही आणि भोकाचा आकारही वेडावाकडा होतो. मूळ जेट डबीत नाव लिहून जपून ठेवा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या कार्बोरेटरांच्या ढिगात जेट सापडतात. नाहीच मिळाला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळी जेट करून मिळण्यासारखा आहे. नमुना म्हणून जुना द्या, भोक किती मिमी हवं ते कागदावर लिहून द्या. नुसतं 'थोडा मोठा' असं लिहून चालत नाही.

---

निळी_आठशे

पीयूसीवर सीओ आधी ०.४ टक्के होता. सव्वा फेरा बाहेर काढल्यावर १.५. चाळीसचे हिसके संपले. ६५ला चढावर चोक ओढून काही फरक नाही, उलट गाडी जड होते. जेटला हात लावला नाही.

एक राहिलं: काढलेल्या परतीच्या पाइपाचा आतला थर पापुद्र्यासारखा सुटलाय. टाकीत तुकडे गेले असतील का?

---

रबर_आणि_क्लिप

गेले असणार, परतीची नळी टाकीतच उघडते. ड्रेन बोल्ट असेल तर टाकीत ३-४ लिटर असताना बोल्ट काढून पांढऱ्या कापडातून सगळं गाळा. नसेल तर टाकीवरच्या पेट्रोल-गेजच्या तोंडातून काढा. बोल्टचा वॉशर नवा घाला, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, फायबरचा नको.